‘हंग’ आणि ‘हँग्ड’ : एका इंग्रजी क्रियापदाची दोन भूतकाळी रूपे आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी

प्रस्तावना

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषयाचे अध्यापन सुरू झाले. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीची ओळख सामान्यतः पाचवीत होत असे. अध्ययनाचा कालावधी वाढला, तरी अनियमित क्रियापदे शिकविण्याची पद्धत फारशी बदललेली नाही. ‘गो, वेंट, गॉन’ याप्रमाणे तीन रूपांचा तक्ता पाठ करून घेणे, हीच आजही प्रमुख पद्धत आहे. ज्या क्रियापदांना प्रत्येक रकान्यात एकच रूप असते, त्यांच्यापुरती ही पद्धत उपयोगी पडते. परंतु काही क्रियापदांना भूतकाळाची दोन रूपे असतात आणि त्यांचा उपयोग अर्थानुसार विभागलेला असतो. अशा ठिकाणी तक्ता अपुरा पडतो.

‘हँग’ हे या प्रकारचे सर्वांत परिचित क्रियापद होय. त्याची ‘हंग’ व ‘हँग्ड’ ही दोन्ही रूपे भूतकाळासाठी आणि भूतकाळवाचक धातुसाधितासाठीही योजली जातात. ती केव्हा व का योजावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. इंग्रजीतील हा भेद मराठीत आधीपासूनच वेगवेगळ्या शब्दांनी व्यक्त होतो. त्यामुळे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला तो मातृभाषेच्या आधारे सहज व अचूक शिकविता येतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. तथापि एका ठिकाणी मराठीचीच सवय विद्यार्थ्याला गंभीर चुकीकडे नेते. त्या ठिकाणाचाही विचार येथे केला आहे.

प्रचलित नियम व त्याच्या मर्यादा

शालेय व्याकरणात सर्वसाधारणपणे असा नियम सांगितला जातो की, वस्तूंसाठी ‘हंग’ व माणसांसाठी ‘हँग्ड’ वापरावे. हा नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे आणि बहुतेक उदाहरणांत तो खराही ठरतो. भिंतीवर चित्र लावले, तेथे ‘हंग’. कैद्याला फाशी दिली, तेथे ‘हँग्ड’. मात्र माणूस आणि वस्तू हा भेद या रूपांमागील खरा भेद नव्हे. पुढील चार उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण मल्लखांबाचे. दोरीच्या मल्लखांबावरील खेळाडू पायाच्या पकडीने उलटा लोंबकळतो. येथे कर्ता माणूस असूनही इंग्रजीत ‘हंग’ हेच रूप येईल. ‘हँग्ड’ योजल्यास वाक्याचा अर्थ भयंकर होईल.

दुसरे उदाहरण प्रतीकात्मक फाशीचे. एखाद्या आंदोलनात निषेधार्थ पुतळ्याला फाशी दिली जाते. पुतळा ही निर्जीव वस्तू आहे. तरीही इंग्रजीत ‘हँग्ड इन एफिजी’ असाच प्रयोग रूढ आहे, कारण तेथे फाशी या कृतीचे अनुकरण अभिप्रेत असते.

तिसरे उदाहरण मृतदेहाचे. इतर मार्गाने ठार मारलेल्या व्यक्तीचा देह दहशत बसविण्यासाठी वेशीवर टांगला, असे इतिहासाच्या पुस्तकात वाचावयास मिळते. देह माणसाचा असला, तरी मृत्यू टांगल्यामुळे आलेला नाही. म्हणून तेथे ‘हंग’ हे रूप योग्य ठरते.

चौथे उदाहरण आत्महत्येचे. गळफास घेऊन मृत्यू ओढवून घेतल्यास ‘हँग्ड हिमसेल्फ’ किंवा ‘हँग्ड हरसेल्फ’ असा प्रयोग होतो. येथे न्यायालय नाही, शिक्षा नाही. तरीही रूप ‘हँग्ड’च आहे.

या चारही उदाहरणांना लागू पडणारा निकष असा मांडता येईल : गळ्याला फास लावून मृत्यू घडविणे हा क्रियापदाचा अर्थ असेल, तर ‘हँग्ड’; अन्य सर्व अर्थी ‘हंग’. कर्ता किंवा कर्म सजीव आहे की निर्जीव, हा प्रश्न गौण आहे.

दोन रूपांचा ऐतिहासिक उगम

एकाच क्रियापदाला दोन भूतकाळी रूपे का असावीत, या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी भाषेच्या इतिहासात मिळते. आज जे एक क्रियापद दिसते, त्यात मुळात एकाहून अधिक क्रियापदे मिसळली आहेत. प्राचीन इंग्रजीत ‘टांगणे’ या सकर्मक अर्थाचे एक क्रियापद होते आणि त्याचा भूतकाळ स्वर बदलून होत असे. ‘लोंबणे’ या अकर्मक अर्थाचे दुसरे क्रियापद होते आणि त्याचा भूतकाळ प्रत्यय लागून होत असे. उत्तरेकडील स्कँडिनेव्हियन लोकांच्या वसाहतींमुळे त्यांच्या भाषेतील सजातीय क्रियापदांचाही प्रभाव यात मिसळला. कालांतराने सकर्मक व अकर्मक हा भेद पुसट झाला. रूपे मात्र शिल्लक राहिली.

‘हंग’ हे रूप प्रथम इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींत रूढ झाले आणि सोळाव्या शतकापासून ते सर्वसामान्य इंग्रजीत पसरले. ‘क्लिंग–क्लंग’, ‘फ्लिंग–फ्लंग’, ‘स्विंग–स्वंग’, ‘स्टिंग–स्टंग’ या रूपांशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे त्याला बळ मिळाले असणे स्वाभाविक आहे. हळूहळू ‘हंग’ने बहुतेक सर्व अर्थ व्यापले. ‘हँग्ड’ टिकून राहिले ते मुख्यतः फाशीच्या अर्थापुरते. यामागे कायद्याच्या भाषेचा वाटा मोठा आहे. न्यायालयीन शिक्षेचे शब्द ठरावीक साच्यात उच्चारले व लिहिले जातात, त्यामुळे व्यवहारातील भाषा बदलली तरी कायद्याची भाषा जुनी रूपे जपून ठेवते.

भारतीय कायद्यात याचा पुरावा सहज सापडतो. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३५४(५) मध्ये मृत्युदंडाच्या आदेशाची शब्दयोजना सांगितली आहे व तेथे ‘हँग्ड’ हेच रूप आहे. १८९८ च्या संहितेतही तेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये ही तरतूद कलम ३९३(५) मध्ये आली आहे. रूप मात्र बदललेले नाही. विधी शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला हे रूप ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मराठीतील समांतर व्यवस्था

एका क्रियापदाला दोन भूतकाळी रूपे असणे मराठी भाषिकाला अपरिचित नाही. ‘म्हणणे’ या क्रियापदाची ‘तो म्हणाला’ आणि ‘त्याने म्हटले’ अशी दोन रूपे प्रमाण मराठीत नित्य वापरात आहेत. पहिले कर्तरी प्रयोगात येते, दुसऱ्यात कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लागतो. ‘त्याने गाणे म्हटले’ येथे सामान्यतः दुसरेच रूप निवडले जाते. ही निवड कोणत्याही मराठी मुलाने तक्ता पाठ करून शिकलेली नसते. नगरी बोलीत ‘म्हणला’ हे तिसरे रूपही ऐकू येते. बोलीतील रूप आणि प्रमाण भाषेतील रूप शेजारी शेजारी नांदतात, हा अनुभव विद्यार्थ्याच्या घरचाच आहे. ‘हंग’ हे रूप एकेकाळी बोलीतूनच वर आले, हे त्याला या उदाहरणावरून समजावून देता येते.

‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ का, या नेहमीच्या प्रश्नालाही मराठीतून उत्तर देता येते. ‘जाणे’चा भूतकाळ ‘जाला’ न होता ‘गेला’ होतो. कारण ‘जा’ हा धातू संस्कृत ‘या’पासून आला, तर ‘गेला’ हे रूप ‘गम्’ धातूच्या ‘गत’पासून आले. ‘वेंट’ हेही मुळात ‘वेंड’ या वेगळ्या क्रियापदाचे रूप आहे. दोन्ही भाषांत दोन क्रियापदांनी मिळून एक संसार थाटला आहे.

सकर्मक–अकर्मक जोड्यांच्या बाबतीत मराठी अधिकच उपयोगी ठरते. ‘पडणे–पाडणे’, ‘मरणे–मारणे’, ‘लटकणे–लटकवणे’ या जोड्या विद्यार्थ्याच्या बोलण्यात असतात. झाड पडले, तेथे इंग्रजीत ‘फेल’. त्याने झाड पाडले, तेथे ‘फेल्ड’. ‘फॉल’ आणि ‘फेल’ ही दोन क्रियापदे ‘पडणे’ व ‘पाडणे’ यांच्याप्रमाणेच जोडीची आहेत, एवढे सांगितले तरी पुरे होते.

प्रस्तुत क्रियापदाच्या बाबतीत मराठीची शब्दसंपत्ती विशेष लक्षणीय आहे. इंग्रजी ‘हंग’ हे एकच रूप जेथे येते, तेथे मराठी प्रसंगानुसार निरनिराळी क्रियापदे योजते. दिनदर्शिका खिळ्याला अडकवली, भिंतीवर तसबीर लावली, दारावर तोरण बांधले, कंदील टांगला, कपडे वाळत घातले, द्राक्षांचे घड वेलीला लोंबले, दहीहंडी उंच बांधली. या सर्व वाक्यांच्या इंग्रजी अनुवादात ‘हंग’ चालते. सोनईजवळील शनिशिंगणापूर येथील परंपरेचे वर्णन करतानाही हेच क्रियापद उपयोगी पडते. तेथील घरांना चौकट असते, परंतु परंपरेने तिला दार बसवीत नाहीत. बिजागरीवर दार बसविणे यासाठी इंग्रजीत ‘हँग’ हेच क्रियापद रूढ आहे. म्हणून ‘नो डोअर्स वेअर हंग’ असे वाक्य होईल. मराठीतील ‘बसवणे’ या शब्दामुळे विद्यार्थ्याला येथे ‘हँग’ सुचत नाही. म्हणून हे उदाहरण मुद्दाम शिकविण्यासारखे आहे.

लाक्षणिक अर्थांनाही हाच नियम लागू आहे. संगणक ‘हँग झाला’, हा प्रयोग आता मराठीत रुळला आहे. इंग्रजीत भूतकाळी तो ‘हंग’ होतो. कोणत्याही पक्षाला बहुमत न मिळालेल्या विधिमंडळाला मराठीत ‘त्रिशंकू’ म्हणतात, तर इंग्रजीत ‘हंग’. १९९९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी काँग्रेसला ७५, शिवसेनेला ६९, राष्ट्रवादी काँग्रेसला ५८ व भारतीय जनता पक्षाला ५६ जागा मिळाल्या. अशी विधानसभा ‘हंग असेंब्ली’ होय. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिला ‘हँग्ड असेंब्ली’ म्हटले, तर सभागृहाला फासावर चढविल्यासारखे होईल!

याउलट ‘हँग्ड’साठी मराठीत एकच अर्थकेंद्र आहे, ते म्हणजे फास. फाशी देणे, फासावर चढविणे, फासावर लटकावणे, गळफास घेणे. या सर्वांच्या मुळाशी तोच शब्द आहे. यावरून वर्गात वापरता येण्याजोगी एक सोपी कसोटी मिळते : मराठी वाक्यात ‘फास’ किंवा ‘फाशी’ असेल, तर ‘हँग्ड’, नसेल, तर ‘हंग’. मल्लखांबपटू, वेशीवरील मृतदेह, पुतळा व आत्महत्या या चारही उदाहरणांत ही कसोटी टिकते.

‘फाशी झाली’ : मराठीची संदिग्धता

वरील कसोटी रूपाची निवड अचूक करते. परंतु वाक्याचा काळ व घटनेची अवस्था ती सांगत नाही. येथे मराठीची सवय अडचणीची ठरते. ‘त्याला फाशी झाली’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात : न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, किंवा ती शिक्षा अंमलात आली. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत ‘अमुकाला फाशी’ एवढेच शब्द दोन्ही प्रसंगी चालतात. मराठी वाचक संदर्भाने अर्थ समजून घेतो. इंग्रजीत मात्र ‘वॉज हँग्ड’ म्हणजे फाशी देण्यात आली, मृत्यू घडला, एवढाच अर्थ होतो. शिक्षा सुनावली असल्यास ‘वॉज सेंटेन्स्ड टू डेथ’ असा स्वतंत्र प्रयोग करावा लागतो.

या दोन अवस्थांमध्ये प्रत्यक्षात मोठे अंतर असते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात आणता येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचा व दयेच्या अर्जाचा मार्ग असतो. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाब याला विशेष न्यायालयाने ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा सुनावली. ती २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात अंमलात आली. मराठीत दोन्ही दिवशी ‘कसाबला फाशी’ असे म्हणता आले असते. इंग्रजीत ‘हँग्ड’ हे विधान केवळ दुसऱ्या दिवसाविषयी सत्य ठरते.

सोनई परिसराला हा प्रश्न परका नाही. जानेवारी २०१३ मधील सोनई येथील तिहेरी हत्याकांडाच्या खटल्यात नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. त्या बातमीचे ‘सिक्स मेन हँग्ड’ असे इंग्रजी भाषांतर एखाद्या विद्यार्थ्याने केल्यास त्यात व्याकरणाची चूक नाही. रूपाची निवडही नियमानुसार आहे. तरीही विधान पूर्णतः असत्य आहे, कारण ती शिक्षा सुनावल्याची बातमी होती, अंमलबजावणीची नव्हे. जिवंत माणसाला मृत ठरविणारे हे वाक्य आहे. पत्रकारिता, अनुवाद किंवा न्यायालयीन कामकाज यांकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा दोष ‘हंग’ व ‘हँग्ड’ यांच्या गोंधळापेक्षा कितीतरी गंभीर आहे. परंतु केवळ रूपे तपासणाऱ्या उत्तरपत्रिकेत तो सापडत नाही.

इतिहासाच्या उत्तरांत हीच दक्षता हवी. दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी झाली. शिवराम राजगुरू यांना भगतसिंग व सुखदेव यांच्यासमवेत २३ मार्च १९३१ रोजी लाहोर येथे फाशी देण्यात आली. या सर्व ठिकाणी ‘वॉज हँग्ड’ किंवा ‘वेअर हँग्ड’ हे रूप व अर्थ या दोन्ही दृष्टींनी अचूक आहे. मात्र यांपैकी प्रत्येकाच्या खटल्याचा निकाल वेगळ्या तारखेचा आहे. निकालाची तारीख देऊन ‘हँग्ड’ लिहिणे म्हणजे इतिहासच बदलणे होय.

दोन चुकांचे असमान स्वरूप

उत्तरपत्रिका तपासताना आणखी एक भेद ध्यानात घेणे न्याय्य ठरेल. फाशीच्या अर्थी ‘हंग’ लिहिणे आणि चित्राच्या संदर्भात ‘हँग्ड’ लिहिणे, या दोन चुका एकाच तोलाच्या नाहीत. फाशीच्या अर्थी ‘हंग’ हे रूप इंग्रजी मातृभाषा असलेल्या सुशिक्षितांच्या लेखनात व बोलण्यातही आढळते व प्रमुख इंग्रजी कोश त्याची दखल घेतात. औपचारिक लेखनात ‘हँग्ड’ला पसंती आहे, एवढेच तेथे म्हणता येते. परंतु ‘चित्र भिंतीवर हँग्ड होते’ अशा अर्थाचा प्रयोग आजच्या प्रमाण इंग्रजीत मान्य नाही. पहिल्या ठिकाणी विद्यार्थ्याला औपचारिक पसंती समजावून द्यावी. दुसऱ्या ठिकाणी चूक म्हणून दुरुस्ती करावी. स्पर्धा परीक्षांच्या वस्तुनिष्ठ प्रश्नांत मात्र फाशीच्या अर्थी ‘हँग्ड’ हेच उत्तर अपेक्षित असते, याची जाणीव विद्यार्थ्यास असणे हिताचे आहे.

अन्य विषयांतील समान उदाहरणे

अर्थानुसार विभागलेली भूतकाळी रूपे अन्य विद्याशाखांतही भेटतात. वाणिज्य शाखेत ‘कॉस्ट’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. एखाद्या वस्तूला अमुक रक्कम पडली, तेथे भूतकाळी रूप ‘कॉस्ट’ असेच राहते. परंतु एखाद्या प्रकल्पाचा परिव्यय काढला, तेथे ‘कॉस्टेड’ हे रूप योग्य होय. विज्ञान शाखेत तारा चमकला, तेथे ‘शोन’. बूट घासून चमकविले, तेथे ‘शाइन्ड’ हे रूप सामान्यतः येते. येथेही ‘चमकणे–चमकविणे’ ही मराठी जोडी मदतीला येते. ‘लाय’ या उच्चाराची दोन क्रियापदेही अशीच आहेत : आडवे होणे याचा भूतकाळ ‘ले’, तर खोटे बोलणे याचा भूतकाळ ‘लाइड’. या सर्व उदाहरणांत मराठी वाक्य आधी लिहून त्यातील क्रियापद निश्चित केले, तर इंग्रजी रूपाची निवड आपोआप होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘हंग’ व ‘हँग्ड’ यांतील भेद वस्तू व माणूस असा नसून, फासाने मृत्यू घडणे व अन्य कोणत्याही प्रकारे टांगणे असा आहे.

२. हा भेद इंग्रजीच्या इतिहासातून निर्माण झाला असून कायद्याच्या भाषेने तो जपला आहे.

३. मराठीत हा भेद स्वतंत्र शब्दांनी व्यक्त होत असल्याने ‘फास’ या शब्दाची कसोटी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास पुरेशी आहे.

४. ‘फाशी झाली’ या मराठी प्रयोगाचे शिक्षा सुनावणे व शिक्षा अंमलात येणे असे दोन अर्थ होतात. इंग्रजीत लिहिण्यापूर्वी यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे निश्चित करण्याची सवय विद्यार्थ्यास लावणे अत्यावश्यक आहे.

इंग्रजीच्या वर्गात मराठीचा आधार घेणे म्हणजे अध्यापनातील तडजोड, असा समज अनेकदा आढळतो. प्रस्तुत उदाहरणात मराठीचा आधार घेतल्याने इंग्रजीचे रूप अधिक अचूक निवडले जाते. आणि मराठीची संदिग्धता ओळखल्याने इंग्रजीचे विधान अधिक सत्य होते. ग्रामीण महाविद्यालयातील भाषेच्या प्राध्यापकांनी, तसेच इतिहास, राज्यशास्त्र, वाणिज्य व विधी या विषयांच्या प्राध्यापकांनीही, आपापल्या विषयातील अशा जोड्या मराठी वाक्यांसह विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास तीन रकान्यांच्या तक्त्याला अर्थाचा चौथा रकाना जोडला जाईल.